अर्धा सेकंद पुढे

"तू दाबतोस आत्ता आणि वाजतं नंतर. पेटी सरकारी आहे का?" ताईने विचारलं.

लॅपटॉपला जोडलेल्या माझ्या कीबोर्डचे सगळे आवाज, सनईपासून ढोलकीपर्यंत, विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि भावजींनी दिलेला नवा लॅपटॉप निघाला मॅक, त्यावर ते चालेना. मग मी जुगाड करून मॅकमध्ये विंडोजला पोटभाडेकरू ठेवलं. तेव्हापासून पट्टी दाबली की सूर अर्ध्या सेकंदाने यायचा. म्हणून मी अर्धा सेकंद आधी दाबायला शिकलो. महिन्याभरात ताईने हाक मारायच्या आधीच 'ओ' द्यायला लागलो.

रविवारी इचलकरंजीत अण्णांच्या ऑर्केस्ट्रात चाचणी होती. तिथे नाही घेतलं, तर सोमवारपासून भावजींच्या रंगाच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड मात्र दाबताक्षणी वाजणारा. पहिल्याच गाण्यात मी सगळ्यांच्या अर्धा सेकंद पुढे. बोटं मागे खेचली तरी पुढेच पळत होती.

"एसटी सुटतीय का रं तुझी?" ढोलकीवाला म्हणाला.

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी, शैलावहिनी, गायला उभ्या राहिल्या. मी आणि त्या बरोबर एकाच वेळी समेवर पोचलो. बाकीचे अर्ध्या सेकंदाने आले.

वहिनींनी गाणं थांबवलं. "बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बावीस वर्षं सांगतीय, मी घाई करत नाही."

अण्णांनी क्षणभर तालाचा विचार केला, मग घराचा. आणि ढोलकीवाल्याकडे वळून म्हणाले, "या पोराला कायमचा घेतलाय. तू मागं पडतोयस."