टेकायची जागा

परभणीच्या रंग कारखान्यात अर्पिता इमल्शन बनवायची आणि तपासायची. पाण्यात मिसळणारं, पण एकदा वाळलं की भिंतीतला जुना डाग वर येऊ न देणारं इमल्शन तिला हवं होतं. सातवी बॅच तिथल्या सगळ्या चाचण्यांत पास झाली. ओला ब्रश हजार वेळा घासूनही पापुद्रा निघाला नाही. नापास झाली ती फक्त तिच्या बोरी गावातल्या घरात.

तिथं बैठकीतल्या भिंतीवर तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या टेकलेल्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. दर रविवारी ती डागावर नव्या बॅचचा हात मारायची आणि सोमवारी सकाळी डाग पुन्हा तिथंच, डोक्याएवढा.

या सोमवारी तिनं ब्लेडनं थोडा रंग खरवडून पाहिला. खालची बाजू कोरडी ठणठणीत होती. म्हणजे डाग आतून येत नव्हता. तेल वरून लागलेलं होतं, बोटाला चिकटेल इतकं ताजं.

"आई, भिंतीला तेल तू लावायलीस?"

मनकर्णाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग काय करू? तू रंग देलास की तुज्या अप्पाला टेकायची जागा सापडंना. घरभर चकरा मारायलेत."

"म्हणून एवढं तेल?"

"एवढं कुठं? मी निसतं एक बोट लावते, खूण म्हणून. बाकीचा डाग त्यायचाच हाय."