दुसरं बोट

आई अंथरुणाला खिळून तीन वर्षं झाली. ती दुपारी झोपली की मी धाकट्या भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचाच गेम खेळते. गाण्याच्या ठेक्यावर ठिपके खाली येतात, रेषेला टेकले की बटण दाबायचं. त्या बटणावरचं अक्षर आता पार पुसलंय. काल भाऊ आला, नेहमीसारखा दोन दिवसांचा पाहुणा. आज मागे उभा राहून माझा खेळ बघत होता. “ताई, एकाच बोटाने काय कुटत बसलीस? हात कामातून जाईल. शेजारचं बटणही चालतं, दोन बोटं आलटूनपालटून चालव. एक दाबतं तेव्हा दुसऱ्याला विसावा मिळतो.” “हे तुला कधीपासून कळतं?” “कॉलेजपासून. साधी गोष्ट आहे.” तेवढ्यात आतून आईची हाक आली. तो सवयीने माझ्याकडे बघू लागला. “ताई, आई बोलावतेय.” मी दुसरं बोट शेजारच्या बटणावर ठेवलं आणि सगळ्यात लांबलचक गाणं लावलं.