एका अक्षराची चूक

"मानोय, चूक सापडली," रोसेल म्हणाली.

इसाबेलोंनी मान वर केली नाही. ऑफिसात सगळेच त्यांना मानोय, म्हणजे दादा, म्हणत. वयाने तेच थोरले.

धरणाच्या भोंग्याची वेब-प्रणाली त्यांच्या कंपनीने बनवली होती. नदीचं पाणी नऊ मीटरला पोचलं की भोंगा वाजायला हवा होता, वाजायचा पाचलाच. काठावरची माणसं पोरंबाळं, कोंबड्या घेऊन चर्चच्या टेकडीवर चढायची आणि पूर आला नाही की शिव्या घालत उतरायची. धरणवाले वैतागले होते.

"एक्सएमएल फाइलमध्ये नऊच लिहिलंय," रोसेल म्हणाली. "पण टॅगचं, म्हणजे त्या आकड्याला दिलेल्या नावाचं, पहिलं अक्षर मोठं हवं, इथे लहान पडलंय. फाइलवरून ऑब्जेक्ट बनवताना प्रोग्रामला तो टॅग ओळखूच येत नाही. मग तो गुपचूप प्रोग्राममधला मूळचा पाच धरतो."

"चाललंय ना? चालू दे की."

"लोकांना उगाच पळवतोय आपण, मानोय."

"टेकडी चढून कुणी मरत नाही."

"आकडा धरणवाल्यांनी दिलाय. आपण कोण बदलणारे?"

"हो. त्यांचाच आहे," इसाबेलो म्हणाले.

दुपारी ऑफिसचे प्रमुख बोर्होंदा सरांनी विचारलं, "त्या फाइलला शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," इसाबेलो म्हणाले. "नजरचूक झाली, सर."

"एवढ्या वर्षांनी लहान-मोठं अक्षर कळत नसेल, तर घरी बसलेलं बरं."

इसाबेलोंनी टेबल आवरलं. दाराशी ते थांबले.

"दुरुस्ती चढवलीस?"

"हो, मानोय."

"मग पावसाकडे लक्ष ठेव."

रोसेलला अन्न गोड लागेना. रविवारी पिलीच्या बियांची मिठाई घेऊन ती नदीच्या वळणावरच्या त्यांच्या घरी गेली. पाऊस सकाळपासून कोसळत होता. दार त्यांच्या बायकोने, नेनाने उघडलं. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"ते दारोदार फिरतायत. टेकडीवर चला म्हणून सांगतायत. भोंगा वाजला नाही, म्हणून कुणी हलत नाही."

"मानाय," ताईला हाक मारावी तशी रोसेल म्हणाली, "त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. माफी मागायला आले होते."

नेना पिशवी भरत राहिली. रोसेलची नजर भिंतीकडे गेली. तिच्या डोक्याच्याही वर गाळाची तपकिरी रेघ उमटलेली होती.

"ही रेघ नऊ मीटरची?"

"सातची. आमची पोरगी लिगाया वाहून गेली, त्या वर्षीची," नेना म्हणाली. "तेव्हा भोंगा नऊला वाजायचा."