काळी खिडकी

ज्या वर्षी आमच्या मुलीचं, नूबियाचं लग्न झालं, त्या वर्षी गावच्या पाणी समितीने डोंगरावरचा पंप आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडला. रोज सकाळी कॉफी झाली की माझा नवरा अबुंदिओ पडद्यावर काळी खिडकी उघडायचा, पासवर्ड टाकायचा, आणि साठ घरांना पाणी सुटायचं. पासवर्डची अक्षरं त्या खिडकीत उमटत नाहीत.

बारा वर्षांनी तो छातीच्या दुखण्याने कार्तागो शहरातल्या इस्पितळात दाखल झाला. तिसऱ्या दिवशी समितीची एर्मेलिंदा दारात आली.

"काकू, गाव कोरडं पडलंय. काकांना पासवर्ड विचारून या."

मी वही घेऊन गेले. त्याच वर्षी मी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले होते.

"सांग म्हाताऱ्या, एकेक अक्षर सांग."

"तसं नाही सांगता येत. घरून कीबोर्ड आण. बोटांना माहीत आहे."

दोन-दोन बस बदलून मी कीबोर्ड आणला. त्याने नऊ बटणं दाबली, मी नऊ अक्षरं उतरवली.

"पंप जोडायला आलेल्या इंजिनिअरने बोट धरून शिकवलं होतं," तो म्हणाला. "कुणाला बोलू नकोस, म्हातारे."

संध्याकाळी गावाला पाणी आलं.

चाळीस वर्षं हाच माणूस मला दर रविवारी पेपर वाचून दाखवत होता.

 

इस्पितळातून घरी आल्यावर पेपर पुन्हा त्यानेच हातात घेतला, आणि मी पानाकडे न बघता ऐकत राहिले. अबुंदिओ गेल्या वर्षी नऊ मार्चला वारला.