बढतीचा प्रवेश

तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाबांचा सतत हलणारा पाय थांबला, तेव्हा ऋजुताच्या लक्षात आलं, की त्यांनी स्वतःचं वाक्य ओळखलं आहे.

विद्यापीठात मनःस्वास्थ्य आणि समाजबदलासाठी कला शिकणाऱ्या तिच्या वर्गाचा हा परीक्षेचा प्रयोग होता. नाटकातल्या नर्सला बढतीबरोबर बदलीही मिळते, आणि नवरा तिला जाऊ देत नाही. नवऱ्याचं काम ऋजुताकडे होतं. "तू गेल्यावर घराकडे कोण बघणार?" हे वाक्य तिने घरातूनच उचललं होतं. त्याच वाक्यापायी नर्स असलेल्या आईने दोनदा अशीच बदलीची बढती नाकारली होती. ती बढती तिसऱ्यांदा आल्याचं फक्त ऋजुताला माहीत होतं.

वर्गाच्या सरांनी ठरल्याप्रमाणे प्रवेश मध्येच थांबवला. "बायकोच्या जागी उभं राहून नवऱ्याला उत्तर द्यायला प्रेक्षकांतून कोण येतंय?"

आई उठली.

"अगं, बस खाली," बाबा पुटपुटले. त्यांच्या मांडीवर पर्स ठेवून ती रंगमंचावर आली.

नवऱ्याने सहजासहजी माघार घ्यायची नाही, असा या खेळाचा नियम. ऋजुताने आवाज चढवला. "माझ्या जेवणाचं काय?"

"कुकर लावायला शिका. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा."

प्रेक्षक हसले. बाबा हसले नाहीत.

"आणि लोक काय म्हणतील?"

आई पदराशी चाळा करू लागली. नियम मोडून आपणच 'जा' म्हणावं, असं ऋजुताला वाटून गेलं.

तेवढ्यात आई तिच्याकडे पाठ करून तिसऱ्या रांगेकडे वळली.

"अहो, बढती पुन्हा आली आहे. या वेळी मी नाशिकला जाणार."