अम्मीची जागा

१९६४ साल. दिग्रसचा सायकल मिस्त्री इकबाल आजारी अम्मीचं सगळं स्वतः करायचा. "मी गेल्यावर मले कुठं दफन करायचं, ते आयकून ठेव बेटा," असं जैबुनबी दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा त्यानं तिला गप्प केलं. "कायले असं बोलतं, अम्मी? तू अजून लय जगशील."

शुक्रवारी सकाळी ती गेली. दुपारच्या नमाजनंतर इकबालनं तिला अब्बांच्या कबरीशेजारी दफन केलं. तार मिळताच निघालेली खाला, अम्मीची धाकटी बहीण, संध्याकाळच्या एसटीनं उमरखेडहून आली आणि सगळं ऐकून दारातच खाली बसली.

"तुह्या अगोदर तिले एक पोरगी झालती, इकबाल. सहा महिन्याची होऊन गेली. उमरखेडले तिच्या बाजूले निजायचं होतं तुह्या अम्मीले."


चाळिसाव्या वर्षी, नखांत कबरीची माती असताना, इकबालला कळलं की आपल्याला एक बहीण होती.