खलनायिकेचे ओठ

"बाई थायलंडची, आणि नाक माझं?" बायकोने चित्र खिडकीच्या उजेडात धरलं.

आमची सून वृंदा थाई मालिकांची भक्त. आवडत्या मालिकेतली दुष्ट सासू तिने जलरंगात काढली होती आणि खाली पेन्सिलीने त्या सासूचं मनोगत लिहिलं होतं. चाहत्यांच्या स्पर्धेला ते पाचच्या आत पाठवायचं होतं. साडेचार वाजले होते आणि कागद बायकोच्या मुठीत होता.

"आई, द्या ना. फाटेल तो."

"फाटू दे! अंबाडाही माझाच की गं!"

"सगळ्या सासवांचे अंबाडे सारखेच असतात."

मी तोंडासमोरचं वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

बायको खालचा मजकूर ठसक्यात वाचू लागली. "मी वाईट नाही. मुलाचं लग्न झाल्यापासून भाजीत मीठ किती घालायचं, हेसुद्धा मला कुणी विचारत नाही…" आवाज मध्येच थांबला. आमच्याकडे हल्ली मीठ सूनच घालते.

"हे खोड," ती म्हणाली. "कैदाशीण म्हण, राक्षसीण म्हण. पण माझी कीव करायची नाही."

वृंदाने कागद घेऊन त्या ओळींवर खोडरबर फिरवला. बायको समोरच्या खुर्चीत ताठ बसली आणि अंबाडा सारखा केला.

"ओठही मऊ काढलेस. माझ्याकडे बघ आणि नीट काढ. पाचला अर्धाच तास आहे."

आणि तिने ओठ घट्ट आवळले.